ट्यूबची पट्टी

परवा थंडी पडण्याआधी कॅरॅव्हॅनच्या नळांतलं पाणी काढून टाकायला ओट्याखाली वाकलो आणि रबराचा ओळखीचा वास आला. गाडीमागे जोडायचं हे चाकांवरचं घर जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या माझ्या घरमालकांचं, मोरीसानांचं. मी पीएच.डी. करत होतो तेव्हापासून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. पावसाळ्यात बुरशी पुसायची, उन्हाळ्यात छताच्या फटी बुजवायच्या.

पहिल्या वर्षी हिवाळ्याआधी मी नळ नुसते घट्ट बंद केले. पाणी गोठून पाइप फुटतो, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असणार! मार्चमध्ये आईबाबा आले. दुसऱ्या दिवशी मोरीसान आम्हाला याच कॅरॅव्हॅनमधून फुजी पर्वत दाखवायला नेणार होते, आणि पंप सुरू करताच ओट्याखालून कारंजं उडालं. मोरीसान स्वतःच फडकं घेऊन पाणी पुसायला लागले, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

बाबांचं गावी सायकल दुरुस्तीचं दुकान. "रडतोस काय, सायकलची जुनी ट्यूब आण," ते म्हणाले. ट्यूबची पट्टी कापून, ताणून ताणून त्यांनी ती पाइपला गुंडाळली. मोरीसान शेजारी गुडघे टेकून टॉर्च धरून बसले होते. पाणी थांबलं, तसे ते टोपी काढून वाकले.

"सेन्सेई!"

"काय म्हणतात रे?"

"गुरुजी म्हणतात तुम्हाला."

बाबा लाजून हसले. "सांग त्यांना, मी चौथी पास आहे."

पुढे नवा पाइप बसला, पण ती पट्टी मोरीसानांनी तिथेच हुकला टांगून ठेवली. बाबांच्या त्या वाक्याचं भाषांतर मात्र मी अजून केलेलं नाही.