बड्डेच्या टाळ्यांत

मसाला शेंगदाण्यांचा वास आला की अजून मी आधी पोरीच्या तोंडाकडे बघते. त्या दिवशी वाशीच्या मार्केटात भाजी निवडून पाठ मोडलेली, नवरा म्हणाला, "आज गॅस बंद, हॉटेलात चल." बाजूच्या टेबलावर कुणाचा तरी बड्डे, गाणी, टाळ्या, आणि मांडीवरची माझी दीड वर्षाची पोर नुसती तोंड उघडतेय, आवाजच नाही, ओठ निळे. टेबलावरचा मसाला शेंगदाणा घशात अडकलेला! मी किंचाळले, "पोरीला बघा कुणीतरी!" तर मीही गाण्यात ओरडतेय असं वाटून बड्डेवाले हसून मलाच हात हलवायला लागले. शेजारी बसलेल्या सासूनं पोर हिसकली. "बाजूला हो, नुसती बोंबलू नको!" उलटी धरून पाठीत थापा मारल्या, तेव्हा दाणा पडला, पोर रडली. आता ती शाळेत जाते, जेवताना सारखी बडबडते, नवरा ओरडतो. मी म्हणते, बोलू दे तिला, बोलतेय म्हणजे श्वास चाललाय.