ज्या रानात आम्ही तंबू ठोकला

सहल ठरवली ती मी, आणि त्यामागे निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. आमचे हे गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून आमच्या बारामतीच्या घरात माझ्याशिवाय पान हलत नाही. गोळ्या मी द्यायच्या, व्यायाम मी करून घ्यायचा, बघायला येणाऱ्यांचा चहाही मीच करायचा. एका रविवारी मुलगा समीर पुण्याहून आला. "आई, तू फार दमलेली दिसतेस," म्हणाला आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. पुन्हा भरायला. त्याच क्षणी मी जाहीर केलं, मला दोन दिवस पाण्याच्या काठी नुसतं बसायचं आहे. कुणी माझ्याकडे काही मागायचं नाही.

समीरनं इंदापूरच्या बाजूला, उजनी धरणाच्या बॅकवॉटरकाठी एक कॅम्प शोधला. लाकडी केबिन, कमोड, सकाळी पोहे, रात्री चुलीवरचं जेवण. माणशी अठराशे रुपये रात्रीला. फोटोत केबिनच्या पायरीला पाणी लागलेलं होतं. तुम्हीही असं काही ठरवत असाल तर फोन करून एवढंच विचारा, की फोटो कुठल्या महिन्यातला आहे. आम्ही विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी निघालो. मी, हे, समीर, सूनबाई प्राजक्ता आणि आठ वर्षांची नात ईरा. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर. रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध चालतात. मागे ना दिवा, ना लाल कापड. ट्रॅक्टरवर गाणी अशी लावलेली की हॉर्न वाजवणाऱ्यालाच आपण मूर्ख आहोत असं वाटावं. लासुर्ण्याला चहा चांगला मिळाला, खुर्च्या मात्र ह्यांच्या खुब्यासाठी फार बुटक्या. इंदापूरला डासांच्या अगरबत्त्या आणि कलिंगड घेतलं. औषधं इथेच घ्यावीत, पुढे दुकान नाही.

कॅम्पवर पोचलो तेव्हा पाणी कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पण अर्धा किलोमीटर लांब, उन्हात चकाकणारी एक पट्टी. मध्ये नुसती काळी, ओलसर जमीन. पावसाळ्यानंतर भरलेलं धरण उन्हाळ्याकडे उतरत जातं, हे पाचवीच्या मुलालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण पैसे भरताना माणसाला भूगोल आठवत नाही.

मी कॅम्पवाल्याला धारेवर धरलं. तिशीतला, गॉगल डोक्यावर, तोंडात सतत "नो टेन्शन".

"फोटोत तळं दाखवता आणि प्रत्यक्षात मैदान? ही फसवणूक आहे."

"नो टेन्शन, मॅडम. पाणी हिकडं येत न्हाय, तर आपण पाण्याकडं जाऊ!"

त्याच्या माणसांनी तासाभरात खाली, अगदी पाण्याच्या कडेला दोन तंबू ठोकले. खाटा टाकल्या, ह्यांच्यासाठी हाताची खुर्ची आणली. तक्रार केली की कामं होतात, असं मी प्राजक्ताला विजयी सुरात ऐकवलंसुद्धा.

आणि ती संध्याकाळ खरंच सुंदर होती, नाही म्हणणार नाही. पायाखाली जमीन स्पंजासारखी मऊ. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी एका रांगेत उभे, गुलाबी आणि गबाळे. जेवायला तळलेली चिलापी, म्हणजे ह्या पाण्यातला रोजचा मासा. काटे जपून काढावे लागतात, पण ताजा असतो. कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले.

सकाळी जाग आली ती आरडाओरड्यानं.

"ह्ये कुणाच्या रानात तंबू ठोकलायसा? कुणाला इचारलं व्हतं?"

बाहेर माझ्याच वयाची एक बाई. पदर खोचलेला, काखेत बियाण्याचं पोतं, मागे चढावर ट्रॅक्टर सुरू. कॅम्पवाला धावत आला.

"मावशी, वरडू नका, पावणं झोपल्याती. धरणाची जागा हाय ही. तुमचं नाव हाय का कुठं?"

"नाव पाण्याखाली हाय. मार बुडी अन् ये वाचून!"

ईरा खुदकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांचं नाव सुलाबाई. त्यांच्या सासऱ्यांची जमीन धरणात गेली. तेव्हापासून दरवर्षी पाणी उतरलं की जेवढी जमीन उघडी पडेल तेवढी हे लोक पेरत खाली येतात. पाणी पुढे, पेरणी मागे. गाळपेर म्हणतात तिला. ह्या तुकड्यात त्या चाऱ्याचा मका पेरणार होत्या. दोन म्हशींचा उन्हाळा त्याच्यावर निघतो.

"मंग उद्या पेरा की," कॅम्पवाला म्हणाला. "एका दिसानं काय हुतंय?"

"आज वाफसा हाय. चार दिसामागं चिखल व्हता, परवा ह्या उन्हानं भेगा पडत्याल. अन् ट्रॅक्टर उद्या दुसरीकडं चाललाय. तू वढतोस का नांगर, गागल घालून?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तुमी वं, आक्का? शिकल्या-सवरल्या दिसताय. इचारावं न्हाय वाटलं?"

माझ्या तोंडून निघालं, "आम्ही पैसे भरलेत."

"मला न्हाय भरलं."

तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसले. 'आम्ही पैसे भरलेत' म्हणून हुज्जत घालणाऱ्यांना मी रोज वाटेला लावत असे. आता तेच वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि केस विंचरलेले नव्हते.

समीर हळूच म्हणाला, "आई, अजून एक रात्र आहे आपली. तो मिटवेल त्यांचं काहीतरी. तू बस ना. तुझ्यासाठीच आलोय."

तेच तर होतं. मला उठायचं नव्हतं. हाडाहाडात उठायचं नव्हतं. एक अख्खा दिवस समोर होता, त्यात मला काही करायचं नव्हतं, आणि तो दिवस ह्या बाईच्या मक्यावर पसरलेला होता. मी खुर्चीत बसले तर ती परत जाणार, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. भांडून भांडून तिचा आवाज बसला होता.

"तंबू काढा," मी म्हणाले.

"मॅडम, वर केबिन रिकामी न्हाय, दुसरं बुकिंग हाय आता," कॅम्पवाल्यानं सांगितलं.

"मग घरी जाऊ. काढा."

ह्यांनी तंबूतून आवाज दिला, "आधी मला काढा. खुर्चीसकट उचललंत तरी माझी हरकत नाही."

समीरनं आणि त्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना खरोखरच खुर्चीसकट उचलून वर बांधावर नेलं. हे राजासारखे हात हलवत गेले. प्राजक्तानं गाद्या गुंडाळल्या, मी खुंट्या उपटल्या. कंबर धरली ती अजून धरलेली आहे. सुलाबाईंनी आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं. खाटांच्या पायांनी पडलेले खड्डे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "भुई दाबली सगळी."

ट्रॅक्टर माझ्या रात्रीच्या झोपेवरून एकदा गेला, आणि तिथं आम्ही होतो असं सांगायलाही काही उरलं नाही. त्या मागून बी टाकत चालल्या. मी बांधावर ह्यांच्या शेजारी बसून बघत राहिले. अर्धा तास असेल. तेवढ्या वेळात कुणी चहा मागितला नाही, कारण चहा नव्हताच. ह्या सहलीची विश्रांती म्हणाल तर ती.

परतीला इंदापुरात मिसळ खाल्ली, तिखट आणि बरी. पैसे परत मिळाले नाहीत. दुपारी घरी पोचलो. हे झोपले, मी कुकर लावला. दमले होते त्याहून जास्त दमून आले, तेव्हा विश्रांतीसाठी हा प्रवास सुचवते आहे असं समजू नका. रोहित बघायला मात्र जरूर जा. वर, कॅम्पच्या स्वतःच्या जागेतच राहा, आणि पाणी लांब असेल तर पायानं चालत जा.

काल समीरचा फोन आला. "आई, तो कॅम्पवाला सॉरी म्हणतोय. पुढच्या महिन्यात फुकट या म्हणतोय, परत पाण्याच्या अगदी काठाला तंबू लावून देतो."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात पाणी आणखी खाली गेलेलं असेल. त्याला विचार, तो काठ कुणी पेरायचा आहे."