भिंतीकडं तोंड केलेली शिळा

आमच्या गावच्या बारवेवर कुणी पाणी भरायचं आणि कुणी नाही, हे एका दगडावर कोरून ठेवलंय असं गाव सांगायचं. दगड गावात नव्हता. निजामाच्या काळात सरकारी माणसं आली, बारवेच्या तोंडाशी उभी असलेली ती शिळा बैलगाडीत घातली आणि हैदराबादच्या म्युझियमात नेऊन ठेवली. ती वाचलेला माणूस गावात एकही नव्हता. पण तिच्यावर काय लिहिलंय, ते शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

नामांतराची दंगल होऊन गेली होती. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मी जिंतूर तालुक्यात पत्रकं वाटत हिंडत होतो. घर शेतकऱ्याचं, चुलते गावचे पुढारी, आणि घरचं पोरगं बौद्धवाड्यात बसून चहा पितंय. घरी मला कुणी जेवायला नाही म्हणत नव्हतं, फक्त ताट वाढलं की सगळ्यांची बोलणी बंद व्हायची.

बारव म्हणजे खाली पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली जुनी विहीर. बौद्धवाड्यातल्या बायांनी वरच्या पायरीच्या अलीकडं घागर ठेवायची आणि उभं राहायचं. खालून येणाऱ्या कुणाला वाटलं तर तो ओतायचा. नाही वाटलं तर ऊन वर येईपर्यंत उभं. येलदरीचं धरण हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ, पण त्याचं पाणी आमच्या गावाला वळसा घालून दुसऱ्यांच्या शेतात जायचं. लोक चारठाण्याची देवळं बघायला लांबून यायचे, दगडी कारागिरीला वा वा म्हणायचे. अशाच दगडी कारागिरीच्या आमच्या बारवेपाशी माणसं घागरी घेऊन ताटकळत उभी होती, ते बघायला कुणी येत नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या बैठकीत मी विषय काढला. माझे सख्खे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "शिळेवर लिहिलंय बाबा. आमी कोण बदलणारे?"

"तात्या, तुमी वाचलंय का?"

"माझ्या बापानं सांगितलंय."

"त्यांनी वाचलं होतं?"

"तू लय शिकलास ना? मग तूच वाचून ये. कागदावर लिहून आण. शिळा म्हणंल तसं करू."

चारचौघांत बोलले. मी तो शब्द पकडला आणि जिंतूरला जाऊन दुसऱ्याच दिवशी पत्रक छापलं: 'शिळा काय म्हणते ते आम्ही दाखवू!' शिळा डोळ्यांनी पाहायच्या आधी. पत्रकवाल्यांची रीतच ती, आधी छापायचं आणि मग भांडायला निघायचं.

बौद्धवाड्यात एक मावशी होती. रोजगार हमीच्या कामावर मुकादमाला गप्प बसवणारी बाई. तिला पत्रक वाचून दाखवलं तर ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आन् दगडानं न्हाई म्हणलं तर?"

"म्हणणारच नाही, मावशी."

"का? तुज्या वळखीचा हाय का?"

परभणीहून काचीगुड्याची गाडी धरली आणि हैदराबादला उतरलो तो शुक्रवारी. म्युझियमच्या फाटकाला कुलूप. पहारेकरी स्टुलावर बसून दात कोरत होता. "आज जुम्मा है मियाँ. कल आओ." आमच्या वडिलांच्या पिढीला हे शाळेपासून ठाऊक, कारण निजामाच्या शाळेत शुक्रवारी सुट्टी. आम्ही रविवारच्या सुट्टीत वाढलेले. निघताना वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण आमचं बोलणं कुठं होतं. तो दिवस मी फाटकासमोरच्या हॉटेलात इराणी चहा पीत आणि चिडत काढला.

शनिवारी आत गेलो. कट्यारी, जरीचे अंगरखे, चिनी फुलदाण्या. कुणा नवाबाची वाकडी काठीसुद्धा काचेत, तिच्याखाली तीन भाषांत पाटी. दोन दालनं मूर्तींची. आमच्याकडं शेंदूर फासून झाडाखाली ठेवतात तसल्या मूर्ती इथं धुऊनपुसून, खालून दिवा सोडून उभ्या केलेल्या. आमची शिळा मात्र कुठंच नाही. एका तरुण अधिकाऱ्याला गावाचं नाव सांगितलं. त्यानं एक जाड वही चाळली आणि पहारेकऱ्याला माझ्याबरोबर मागं पाठवलं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दगड रचले होते, लाकडाच्या वखारीत ओंडके रचतात तसे. पहारेकऱ्यानं बोट दाखवलं. "वो रहा आपका पत्थर."

शिळा उभी होती. भिंतीकडं तोंड करून. आम्हाला दिसत होती ती तिची पाठ, टाकीचे घाव तसेच ठेवलेली खडबडीत पाठ, आणि तिच्यावर रंगानं घातलेला एक नंबर. तिला टेकून आणखी दोन खांब आडवे टाकलेले.

"हे फिरवा," मी म्हणालो.

"कौन फिराएगा? क्रेन लगती."

अधिकाऱ्याकडं परत गेलो. तो वैतागला नाही, ते जास्त झोंबलं. अगदी नीट समजावून म्हणाला, "उसका लेख छप चुका है. अब पत्थर देख के क्या करेंगे?" पुराणवस्तू खात्याच्या जुन्या वार्षिक अहवालात त्याचं वाचन आलंय, अहवाल अमुक ग्रंथालयात मिळेल. मला तेही पटलं. शेवटी मला कागदच हवा होता.

ग्रंथालय मोठं, छत उंच, आवाज केला तर आपल्यालाच लाज वाटावी असं. काउंटरवर एक कार्ड भरायला दिलं. नाव, गाव, विषय. विषयात मी 'पाणी' लिहिलं. खालच्या रकान्यात विद्यापीठाचं नाव. मी एम.ए.ला नाव घातलं होतं, तेव्हा हा रकाना सोपा हवा. पण ज्या नावासाठी मी लाठ्या खाल्ल्या ते सोडून दुसरं कसं लिहू? मी नवं नाव लिहिलं, ठळक अक्षरात, भिंतीवर रंगवायचो तसं.

काउंटरवरच्या बाईंनी छापील यादीवरून बोट फिरवलं. "ये युनिवर्सिटी तो है नहीं."

"होणार आहे."

"जब होगी तब आओ."

मी तिथंच वाद घालायला लागलो. नाव का बदललं पाहिजे, विधिमंडळात ठराव होऊन अंमल का होत नाही, हैदराबादच्या त्या बाईंना मी मराठी आणि हिंदीच्या खिचडीत सगळं सांगितलं. त्या पेन हातात धरून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मेरे हाथ में क्या है भाई? लिस्ट ऊपर से आती."

मागच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ भिंग लावून वाचत बसले होते. ते उठून आले. "परभणीकडचे ना? बोलण्यावरून कळतं." हैदराबादेत जन्म काढलेले मराठी संशोधक. त्यांनी नवं कार्ड घेतलं, विद्यापीठाचा रकाना कोरा ठेवला आणि खाली स्वतःची सही केली. त्या कोऱ्या जागेचाही मला राग आला, पण ते कार्ड मी काउंटरवर दिलं. अहवाल हवा होता.

अहवाल इंग्रजीत. माझं इंग्रजी पोलिसांच्या नोटिसा समजण्याएवढं. संशोधकांनीच वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत मंगल शब्द. मग फुटलेलं साल. मग एका राजाचं नाव, त्याच्या कुणा अधिकाऱ्यानं बारव बांधली, तिच्या डागडुजीसाठी जमीन दिली, चंद्रसूर्य असेपर्यंत. या राजाच्या नावावर अहवालवाल्यानं दोन पानं खर्ची घातली होती. अक्षराची वळणं, वंशावळ, आणखी कुठल्या गावात त्याचं नाव सापडतं.

"पुढं?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं, परत मागं आले. "पुढं पाच-सहा ओळी आहेत. त्यांनी एवढंच लिहिलंय की, उरलेल्या मजकुरात इतिहासाच्या दृष्टीनं काही महत्त्वाचं नसल्यानं तो वाचलेला नाही."

"महत्त्वाचं नाही हे न वाचता कसं कळलं?"

"राजाचं नाव एकदा आलं की त्या काळी काम झालं असं समजत."

"तुम्ही वाचा मग."

"शिळेवरून कागदावर उठवलेला ठसा असता तर वाचलं असतं. ठसा या प्रतीत नाही. शिळा बघायला लागेल."

"शिळा भिंतीकडं तोंड करून उभी आहे."

"हो का?" ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण एखादं पान वाळवीनं खाल्लेलं बघून वाटावं तेवढंच. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्यातून काय निघायला हवंय?"

मी सांगितलं. बारव, घागरी, वरची पायरी, सगळं. त्यांनी भिंग पुसून ठेवलं. "अशा शिळांवर शेवटी बहुधा शिवी असते. जो हे दान मोडील त्याला, गाढवाची. पाणी कुणी भरावं असं लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पण तुमच्या शिळेवर नाहीच असं मी लिहून देणार नाही. न वाचलेल्या ओळीबद्दल मी कसं बोलू?"

"गावातली माणसं त्याच ओळींवर बोलतात. तुम्ही एवढी पुस्तकं घेऊन बसता आणि एक घोट पाण्याचा प्रश्न सोडवता येत नाही?"

"पाणी माझ्या विषयात येत नाही हो," ते म्हणाले. चिडून नाही, सांगायचं म्हणून.

मी पुन्हा म्युझियमात गेलो. शिळा फिरवायला संचालकांची परवानगी लागते, संचालक रजेवर. मी शेडमध्ये गेलो आणि शिळा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. अक्षरं लागली. बोटांखाली खोल, स्वच्छ कोरलेली अक्षरं, एक कान्यासारखी उभी रेघ, एक गोल, आणखी एक रेघ. जी ओळ गावाच्या डोक्यावर बसली होती ती माझ्या बोटांखाली होती आणि मला तिच्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

"हाथ निकालो," पहारेकरी म्हणाला. "बिच्छू रहते वहाँ."

गावी येऊन मी बैठकीत संशोधकांकडून उतरवून आणलेलं मराठीतलं वाचन वाचून दाखवलं. राजा, बारव, जमीन. कुणाला मनाई आहे असं एक अक्षर नाही, असं ठासून सांगितलं. तात्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"सगळं वाचलं का त्या लोकांनी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "शेवटच्या ओळी वाचलेल्या नाहीत," मी म्हणालो.

"मग तिथंच हाय ते," तात्या म्हणाले, आणि बैठकीत हसू पसरलं.

"नसेल तर?"

"नसंल तर नसंल. आन् भरावं असं तरी कुठं लिहिलंय तुझ्या कागदात?"

ठराव झाला. म्युझियमला पत्र लिहून उरलेल्या ओळी वाचून मागवाव्यात, तोवर चाललंय तसं चालू द्यावं. शिवाय बौद्धवाड्यासाठी सरकारकडं हातपंप मागावा. माझ्या पत्रकाचीच भाषा वापरून सरपंच म्हणाले की, पाण्याचा प्रश्न सुटलाच पाहिजे. पत्राला उत्तर आलं नाही. हातपंप आला. तात्यांनी त्याला हार घातला. पाणी मचूळ निघालं, डाळ शिजायची नाही त्यात, पण गावाच्या लेखी विषय मिटला.

हाराची फुलं वाळायच्या आत मी एका सकाळी बौद्धवाड्यात गेलो, मावशीच्या दारातली रिकामी घागर उचलली, बारवेत उतरलो आणि भरून आणली. मला कोण अडवणार? मी तात्यांचा पुतण्या. घागर तिच्या उंबऱ्याशी ठेवली. वाटलं, एवढं तरी झालं.

मावशी बाहेर आली. घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे कुनी भरलं?"

"मी."

"तुमी वतलेलंच तर आमी आजवर पीत आलो. तुझी आजी वतायची, तुझी आई वतायची. आता तू." तिनं घागर पायानं नाही, दोन्ही हातांनी माझ्याकडं सरकवली. "ने परत. वत तिथंच. घागर तेवढी आनून दे."

बाया दारांत आल्या होत्या. कुणी हसलं नाही. मी घागर खांद्यावर घेतली आणि गावातून परत बारवेकडं निघालो. पारावर तात्या बसलेले होते. त्यांनी विचारलं, "भरलेली घिऊन कुठं चाललास?" मी बारवेकडं वळलो. भरलेली घागर घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरणं फार अवघड असतं. पाणी हिंदकळून पुढच्या पायरीवर सांडतं, आणि मग त्याच ओल्या पायरीवर पाय टाकावा लागतो.