माळ्याच्या बायकोची फुलं

मावशींचा नवरा आयुष्यभर माळी होता, पण त्यांच्या घरात फूल म्हणून कधी आलं नाही. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग त्यांना कीव यायची, म्हणून मावशींनी सांगणंच सोडून दिलं होतं.

माळीबुवा शहरातल्या मोठ्या सार्वजनिक बागेत कामाला. बागेतलं फूल बागेतच राहिलं पाहिजे, या बाबतीत ते इतके कडक होते की झाडाखाली गळून पडलेलं फूल कुणी उचलून केसांत खोवलं तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची. "हात लावू नका!" ही त्यांची आरोळी बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. बाकावर बसलेली जोडपी तिच्या धसक्याने एकमेकांचे हात सोडायची, असं मावशींच्या कानावर आलं होतं. गल्लीत बुवांना माळी म्हणून कुणी ओळखतच नसे. 'हात-लावू-नका' कुठे राहतात विचारलं, की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

बरं, घरातच चार कुंड्या लावाव्यात, तर तेही जमलं नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, तीही इतकी जवळ की मावशी खिडकी पुसायला लागल्या की जाता जाता तिच्यावरही फडका मारायच्या. ऊन यायचं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकायचंसुद्धा नाही. बुवांनी हौसेने आणलेली झाडं बघता बघता माना टाकायची, आणि मग बुवा घरातलं कुणी गेल्यासारखे ताटावरून उठायचे. शेवटची शेवंती गेली तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, "या घरात आता झाड आणायचं नाही. झाडांचे जीव घ्यायला मी माळी झालो नाही."

मावशी लॉन्ड्रीत कामाला होत्या. एका हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं आणि मावशी दिवसभर इस्त्री फिरवायच्या. पांढरं, पांढरं आणि पांढरं. घरी येऊन डोळे मिटले तरी आत चादरीच. आणि उघडले तर समोर घराच्या भिंती, त्याही पांढऱ्या.

"अहो, एखादी भिंत तरी रंगवून घेऊ या," मावशी म्हणायच्या.

"पांढरा रंग कसा शांत असतो," बुवा म्हणायचे. ते दिवसभर रंगात लोळून आलेले असायचे, त्यांचं काय जात होतं!

"शांतता मला लॉन्ड्रीत भरपूर मिळते. घरी जरा गोंगाट पाहिजे."

हा गोंगाट मावशींना एका रविवारी बाजारात सापडला. हॉलच्या सजावटीचं सामान विकणारं एक दुकान कायमचं बंद होत होतं आणि दुकानदाराने सगळा माल फुटपाथवर ओतला होता. कापडाचे गुलाब, प्लास्टिकचे झेंडू, ताटाएवढी सूर्यफुलं, टोक न सापडणाऱ्या वेली आणि जगात कुठेही न उगवणारी निळीजांभळी फुलं. मावशी भाजीला निघाल्या होत्या. भाजी राहिली बाजूला, त्या दोन पोती फुलं घेऊन परतल्या. बसमध्ये कंडक्टर त्यांच्याकडे आणि मग पोत्यांकडे बघत म्हणाला, "मावशी, झाडीचं वेगळं तिकीट लागेल."

संध्याकाळी बुवा कामावरून आले ते दारातच थबकले. दाराच्या चौकटीवर वेल, कपाटावर झेंडू, टीव्हीच्या दोन्ही कानांवर गुलाब. खिडकीत सूर्यफुलं दाटीवाटीने उभी, फोटो काढायला उभं केल्यासारखी.

"हे काय आहे?"

"फुलं."

"कुणाची?"

"माझी," मावशी म्हणाल्या. "सरकारी नाहीत. त्यांना हात लावला तरी चालतो."

बुवांनी एका गुलाबाची पाकळी बोटांच्या चिमटीत धरली आणि झुरळ धरल्यासारखी सोडून दिली. "फूल म्हणतात होय याला? हे तर फुलाचं सोंग."

"असू दे. सोंगाला ऊन लागत नाही."

बुवांनी मग अबोला धरला. फुलं दिसू नयेत म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मावशींनी त्या भिंतीवर वेल सोडली. बुवांनी खुर्ची दाराकडे वळवली. तिथून जिन्यातून येणाराजाणारा प्रत्येक जण दिसायचा आणि प्रत्येक जण विचारायचा, "काय बुवा, बाग घरी आणली वाटतं?" शेवटी ते छताकडे बघत चहा प्यायला लागले.

हे असंच चालत राहिलं असतं, पण तेवढ्यात बुवा निवृत्त झाले. बागेने त्यांना एक घड्याळ दिलं, साहेबांनी भाषण केलं आणि दुसऱ्या दिवसापासून बुवा घरी. मावशी सकाळी कामावर जायच्या तेव्हा ते खुर्चीत, आल्या तेव्हाही खुर्चीत. "बागेत तरी एक चक्कर मारून या," मावशी म्हणाल्या, तर बुवा म्हणाले, "नव्या माणसाच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं? त्याचं त्याला करू दे." बोलायला बोलले, पण छाटणीच्या कात्रीला रोज तेल द्यायचं काही सोडलं नाही.

एक दिवस मावशी घरी आल्या तर सगळ्या सूर्यफुलांनी त्यांच्याकडे पाठ केलेली.

"यांना काय झालं रुसायला?"

"उजेड बाहेर आहे," बुवा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "सूर्यफूल घरात तोंड करून उभं राहत नाही. बघणाऱ्याने काय म्हणावं?"

समोरच्या भिंतीखेरीज बघणारं कुणी नव्हतं, पण मावशींनी सूर्यफुलं तशीच राहू दिली. निदान माणूस खुर्चीतून उठला तरी! पुढच्या आठवड्यात गुलाबांची पानं गेली. "गुलाबाच्या देठाला द्राक्षाची पानं चिकटवलीत. कुणाच्या धडावर कुणाचं डोकं!" मग निळी झेंडूसारखी फुलं नाहीशी झाली. ती मावशींना पलंगाखालच्या ट्रंकेत सापडली. "असलं फूल नसतंच," बुवांनी निकाल दिला. त्यानंतर आणखी काही फुलं ट्रंकेत गेली, कारण त्यांचा हंगाम नव्हता.

"अहो, पण प्लास्टिकला कसला आलाय हंगाम?"

"हंगाम त्यांना नसला तरी मला आहे."

मावशींनी लॉन्ड्रीत ही गोष्ट सांगितली तेव्हा हसून हसून सगळ्यांच्या इस्त्र्या थांबल्या. मावशीही हसल्या. पण त्या दिवशी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. बुवा स्टुलावर उभे, हातात कात्री, आणि टीव्हीवरच्या गुलाबांच्या जागी नुसते हिरवे खुंट. कापलेली फुलं खाली पेपरावर नीट रचून ठेवलेली.

"अहो!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडं पडलं. "काय केलंत हे?"

"छाटणी," बुवा शांतपणे म्हणाले. "दिवस आहेत छाटणीचे. आता बघ, खोडाला जोर येईल, महिन्याभरात नवा फुटवा..."

आणि ते मध्येच थांबले. हातातल्या कात्रीकडे बघितलं, खुंटांकडे बघितलं. मग हळूच स्टुलावरून उतरले आणि पलंगाच्या कडेला बसले.

मावशींच्या तोंडात चांगला खरपूस शिव्यांचा घाणा तयार होता. तो त्यांनी गिळला. खोडाला आता कुठूनही जोर येणार नव्हता, आणि हे बुवांना त्या एका क्षणात कळलं होतं. नुसतं त्या गुलाबांबद्दल कळलं नव्हतं, हे मावशींनी त्यांच्या खांद्यांवरून ओळखलं.

त्यांनी आत जाऊन चहा टाकला. कप बुवांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "फुटवा येत नसेल तर आपण आणू. तार आहे का घरात?"

"तार?" बुवांनी मान वर केली. "तार आहे. पण पानंही बदलावी लागतील. आणि पाकळ्या बघितल्यास? नुसत्या चुरगळलेल्या. गुलाबाची पाकळी कडेला अशी बाहेर वळते," त्यांनी तळहात वळवून दाखवला, "या तर चुरमुऱ्यासारख्या."

"चुरगळलेलं सरळ करायचं मला सांगू नका," मावशी म्हणाल्या आणि इस्त्री काढली.

पहिली पाकळी आक्रसून काळा मणी झाली, कारण ते कापड नावालाच कापड होतं. मग मावशींनी वर ओला रुमाल टाकून, इस्त्री कोमट ठेवून, नुसत्या टोकाने पाकळ्या दाबल्या. पाकळी गरम असतानाच बुवा ती पेन्सिलीवर गुंडाळून कड वळवायचे. बोटं पोळली की "हाय!" म्हणायचे आणि पुढची मागायचे. मावशींना "अजून बाहेर", "आता जास्त झाली", "ही आतली, ही मिटलेलीच पाहिजे" असं सारखं ऐकावं लागत होतं. अशा साहेबगिरीवरून त्यांनी लॉन्ड्रीतल्या मुकादमाला एकदा झापलं होतं. इथे त्या चक्क म्हणाल्या, "असं?"

पुढे रोज संध्याकाळी हाच उद्योग. बुवांनी पाकळ्या मळवल्या, एखाददुसऱ्या पानाला कीड लागल्यासारखी भोकं पाडली. मावशींनी हरकत घेतली, तर म्हणाले, "ज्या गुलाबाला कीड नाही तो गुलाब खोटा." घरातला गोंगाट जरा कमी झाला होता, पण मावशींना तो आता पुरत होता.

अशात लेकीच्या सासूसासऱ्यांचं यायचं ठरलं. व्याह्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस अगदी सज्जन, फक्त फुलांचं त्यांना वावडं. फूल नुसतं दिसलं तरी नाक सुरू व्हायचं. लेकीने फोनवर बजावलं, "आई, बाबांना सांग, घरात फुलं ठेवू नका."

"आपल्याकडे खरं फूल आहे कुठे?" मावशी म्हणाल्या आणि निर्धास्त राहिल्या.

व्याही दारात आले, त्यांनी आत एक नजर टाकली आणि रुमाल काढला. "अरे देवा," ते म्हणाले आणि शिंकले. एक, दोन, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही.

"अहो, खोटी आहेत ती!" मावशी कळवळून म्हणाल्या.

"खोटी?" व्याही डोळे पुसत गुलाबापाशी गेले. "ताई, मी लोकांची नजर तपासतो. मला काय खरं-खोटं कळत नाही? हे बघा, कीडसुद्धा लागली आहे." आणि त्यांनी खात्री करायला हात पुढे केला.

"हात लावू नका!" बुवा कडाडले.

सवयच ती. व्याह्यांनी हात असा झटक्यात मागे घेतला की कोपर विहीणबाईंना लागलं, विहीणबाई सोफ्यावर बसल्या आणि सोफ्यावरच्या वेलीत त्यांचा पदर अडकला. मग विहीणबाईच पहिल्यांदा हसल्या. पदर सोडवत, वेल हातात घेत म्हणाल्या, "अहो, खरंच खोटी आहेत. बघा, खाली तार आहे."

व्याह्यांचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. बुवांची परवानगी घेऊन गुलाबात नाक घातलं, आणि इतके शिंकले की दोन पाकळ्या खाली आल्या.

"मग ही शिंक कसली?"

विहीणबाईंनी पाकळीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. "धुळीची," त्या म्हणाल्या.

आता या एका शब्दाने घरातल्या दोन माणसांची दोन तोंडं झाली. व्याह्यांनी खरं समजून शिंकावं, याहून मोठी पदवी बुवांना आयुष्यात कुणी दिली नव्हती. ते नुसते फुलत चालले होते. "म्हणजे लांबून खरीच वाटली ना?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आणि मावशी! हॉस्पिटलच्या चादरीवर डाग राहू न देणारी बाई. तिच्या घरात विहिणीच्या बोटाला धूळ! त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणाला काय हवं-नको ते त्यांनी विचारलं, पण पाहुण्यांचं पाऊल जिन्यात पडताच त्यांनी वेली ओढून काढल्या.

"अगं, सावकाश, देठ मोडतील!"

"देठ गेले खड्ड्यात. पाणी आणा."

बादलीत साबण कालवून मावशींनी एकूणएक फूल खळबळलं, झटकलं आणि खिडकीबाहेर दोरी बांधून ओळीने टांगलं. खालच्या बिऱ्हाडातली बाई डोकं बाहेर काढून म्हणाली, "अहो, तुमच्या गुलाबांचं पाणी माझ्या पापडांवर पडतंय!" बुवा वरून, जराही न ओशाळता, म्हणाले, "पडणारच. पाणी आज घातलंय."

थोड्याच दिवसांनी लेक आली ती भलीमोठी पिशवी घेऊन. सासऱ्यांनी दुकानाच्या काचेमागे सजावटीला ठेवलेली खोटी फुलं पाठवली होती आणि निरोप दिला होता, की खरी दिसली नाहीत तरी चालेल, पण लोक हसतात तेवढं थांबवा. मावशींनी आधी सगळी फुलं झटकून धूळ पाहिली आणि धूळ व्याह्यांकडेही आहे हे बघून त्यांच्या जिवाला थंडावा मिळाला.

बुवांनी पिशवीतून एक लिली काढली, डोळ्यांजवळ धरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, बघ तरी! लिलीला काटे लावलेत यांनी. काटे!" एखाद्याला खजिना सापडावा तसे ते खुर्ची ओढून टेबलाशी बसले. "आणि ही जांभळी बघ. हिच्याबद्दल तर काय बोलावं!"

"जांभळीला हात लावू नका," मावशी रुमाल भिजवत म्हणाल्या. "ती मला आवडली आहे."