शिवमूर्तीच्या पायापुरतं पेडल

विद्यापीठाच्या नावावरून पहिल्यांदा गडबड उडाली तवा एसट्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि ताडकळसच्या व्यंकटरावांची परभणीच्या कोर्टातली तारीख चुकली. त्या रागात त्यांनी एक जुनी जीप विकत घेतली. घरी आणून उभी केली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग ध्यानात आलं की चालवता कुणालाच येत नाही. तवा शिवमूर्तीला बोलावणं गेलं.

शिवमूर्ती आधी जिनिंगच्या ट्रकवर होता. कापसाच्या गाठीवरून पडून त्याचा उजवा गुडघा अधू झाला होता. चालताना कुणाला कळायचं नाही, पण पाय लांबवून जोर द्यायची वेळ आली की कळ उठायची आणि पाय अर्ध्यातच थांबायचा. हे त्याला ठाऊक, त्याच्या बायकोला, भागम्माला ठाऊक, आणि गळ्यातल्या लिंगाला ठाऊक. मालकाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर अशा पायाच्या माणसाला जीप कोण देणार?

त्या जीपचं ब्रेकचं पेडल पार खाली जायचं तवा कुठं ब्रेक धरायचा. पहिल्याच बाजारच्या दिवशी शिवमूर्तीचा पाय तिथवर पोचला नाही आणि जीप एका म्हशीला जाऊन टेकली. म्हशीनं मोठं मन केलं, मागं वळून पाहिलं आणि गेली. पण शिवमूर्तीला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मालक जेवायला बसले की हा पाना घेऊन जीपखाली शिरला. पेडलाच्या मागं एक दांडी असते. तिच्यावरचा नट ढिला करून त्यानं दांडी लांब केली, नट आवळला, वर बसून दाबून पाहिलं, पुन्हा खाली शिरला. असं करता करता पेडल इतकं वर आणलं की नुसता पंजा टेकवला तरी जीप उभी. गुडघ्याला कामच उरलं नाही. लांबच्या वाटेवर चाकातून जळाल्यासारखा वास यायचा खरा, पण मालक म्हणायचे, जुनी गाडी आहे, वास यायचाच.

मालक खूश होते. पाहुण्यांना सांगायचे, "आमचा शिवमूर्ती ब्रेक लावतो का लोण्यात सुरी घालतो, कळत न्हाई. हातातला चहा डचमळत न्हाई!"

ते ऐकून मालकाच्या भाच्याला, भुजंगाला हुरूप आला. भुजंग शिकायला म्हणून मामाकडं राहिला होता आणि केसाचा भांग तेवढा शिकला होता. जीपची चावी मागून घेतली, मामाला शेजारी बसवलं, आणि वेशीपाशी सगळी दुनिया दाबते तसा ब्रेक दाबला. जीप खिळल्यासारखी थांबली. भुजंगाचं कपाळ काचंवर आणि मागचं वांग्याचं टोपलं मामाच्या मांडीवर.

"आजपासून," व्यंकटराव वांगी झटकत म्हणाले, "शिवमूर्तीबिगर या जीपला कुणाचा पाय लागायचा न्हाई!"

शिवमूर्ती घरी आला तो छाती फुगवून, हसतच. भागम्मा भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"हसायलात कामून?" ती म्हणाली. "बैलाला दावं लावतेत तसं झालं की हे. आन दावं तुमीच वळून दिलं."

तिचं म्हणणं पटायला त्याला फार दिवस लागले नाहीत. मेव्हण्याच्या लग्नाला पोचला तवा मांडव सोडायलते. आईच्या वर्षश्राद्धाला मालकाच्या साडूच्या दारात जीपमधी बसून राहिला. लघवीला गेला तरी हाक यायची, "शिवमूर्ती, कुठं मेलास?" एकदा चुडाव्याचा एक ड्रायव्हर बदलीला आणला होता. तो मारुतीच्या पारापर्यंत गेला आणि उतरून म्हणाला, "ही जीप न्हाई, लाथाळ घोडी हाय." पेडल खाली घ्यावं तर शिवमूर्तीलाच चालवता येत नाही, वर ठेवावं तर दुसऱ्या कुणाला येत नाही. जीपनं त्याला पोटात घेतलं होतं म्हणा ना.

अशात त्याची एकुलती एक पोरगी, गंगम्मा, गंगाखेडला दिलेली, तिला पहिल्या खेपेचा सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला बाप नाहीतर भाऊ जायला पाहिजे. भाऊ तर नव्हताच. सासू बायनाबाई मोठी कडक. तिनं बाजाराला आलेल्या माणसाकडून सांगावा धाडला, "आठवा लागला की आमी सून हलवत न्हाई. बापाला जीप सोडवत नसंल तर ऱ्हाऊ द्या म्हणावं, हितंच बाळंत होईल." याच बायनाबाईनं थोरल्या सुनेला बाळंतिणीच्या बाजेवरून उठवून नदीवर धुणं धुवायला लावलं होतं. भागम्माला ते ठाऊक होतं.

सांगावा आणणारा जाता जाता म्हणाला, "पोरीनं पिशवी भरून दाराआड ठेवलीय. आप्पा येतेत म्हणती."

शिवमूर्ती मालकाकडं गेला.

"मालक, पोरीचा सातवा सरत आलाय. सोमवारी एक रोज सुट्टी द्या."

"जा की. पर या सोमवारी न्हाई, नांदेडला जायचंय."

"गेल्या सोमवारी बी तुमी..."

"मग जीप काय म्या ओढत नेऊ? का भुजंगाला देऊ? त्याचं टेंगूळ अजून बसलं न्हाई!"

दुपारी मालकाचा डोळा लागला. शिवमूर्ती जीपखाली जाऊन उताणा पडला, पाना छातीवर. डोळ्यासमोर नट. बऱ्याच वेळानं चाकापाशी लुगड्याचा काठ दिसला. भागम्मा जेवण घेऊन आली होती.

"काय बगायलात?"

"नट."

"त्यात काय बगायचं? फिरवायचा असंल तर फिरवा."

"फिरवला तर पुन्हा मला चालवता येणार न्हाई, भागू."

ती डबा ठेवून तिथंच धुळीत बसली. नट फिरल्याबिगर ती उठायची नाही हे त्याला कळलं. मग त्यानं पाना लावला.

पेडल खाली गेलं, जगाच्या पायाला बसंल इतकं खाली. त्यानं भुजंगाला हाक मारली, "छोटे मालक, जरा बसून बगा बरं." भुजंग कपाळाला हात लावून बसला. पारापर्यंत गेला, आला, थांबला. काहीच आपटलं नाही. आवाजानं व्यंकटराव उठून ओट्यावर आले.

"आरं! जमलं की रं तुला!"

"मालक, मग उंद्या म्या जाऊ?"

"जा, जा," व्यंकटराव म्हणाले. पाहत होते ते भुजंगाकडंच.

गंगाखेडला पोचला तवा पिशवी खरंच दाराआड होती. बायनाबाईनं तोंड वाकडं करून ओटी भरली. एसटीत गंगम्मा खिडकीशी बसली, आणि प्रत्येक थांब्याला शिवमूर्तीचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा.

"आप्पा, ब्रेक कामून मारायलात? ड्रायव्हर हाय की फुडं!" म्हणून ती इतकी हसली की पुढच्या बाया वळून पाहू लागल्या.

घरी आल्यावर मालकानं सांगितलं, "आता जीप भुजंग बगंल. तू गोठ्याकडं बग." शिवमूर्तीनं शेणाची पाटी उचलली. म्हशी तरी हाक मारत नव्हत्या, पण दारातून जीप गेली की तो पाटी घेऊन तसाच उभा राहायचा.

भुजंगाचं कौतुक मात्र लवकरच त्याच्या अंगाशी आलं. एके दिवशी गोठ्यात आला तो भांग विस्कटलेला.

"शिवमूर्तीकाका, मामा मला पानपट्टीपाशी उभं ऱ्हाऊ देईनात. दिसभर जीप, जीप. ते पेडल पहिल्यासारखं वर चढवा. म्या कपाळ पुन्हा आपटून घेतो, माझी तयारी हाय!"

शिवमूर्ती हसला नाही. पाना आणला, खाली शिरला, पेडल वर चढवलं. वर बसून पंजा टेकवला. अगदी पहिल्यासारखं, गुडघ्याला पत्ताच नाही. हात स्टेअरिंगवर ठेवून तो थोडा वेळ बसला. मग उतरला आणि पुन्हा खाली शिरला.

"आता काय करायलात?"

"थोडं खाली घेतो. तुमचं कपाळ फुटायचं न्हाई, धक्का तेवढा बसंल. माझा पाय पोचंल, पर दुखंल."

"पर मग मला बी चालवता येईल की!"

"येईल की. सोमवार तुमचा. बाकी म्या हाय."

भुजंगाचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण बाकीचे वार सुटले म्हणून त्यानंच जाऊन मामाची समजूत घातली.

आता रोज सांजच्याला भागम्मा एरंडाचं पान तव्यावर गरम करून नवऱ्याच्या गुडघ्याला बांधते आणि म्हणते, "लय दुखतंय का?" तो म्हणतो, "ब्रेक लावला की." सोमवारी तो घरी असतो. गंगम्मा बाळाची कुंची शिवत असते, तो उंबऱ्यावर बसून तिला दोरा ओवून देतो. वेशीपाशी जीप कचकन थांबते, व्यंकटराव ओरडतात, "आरं हळू!" आणि इकडं उंबऱ्यावर शिवमूर्तीचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो.