मामाच्या पुस्तकांतलं एक एक खोटं

माझा मामा पुस्तकं काढतो. लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेली छापतो आणि विकतो. "सध्या काय काढताय?" असं कुणी विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याच्या मागे कुणी उभं आहे का ते बघतो, मग त्याच्या पिशवीकडे बघतो आणि मग म्हणतो, "काहीतरी." हे 'काहीतरी' ओठ न हलवता म्हणायचं असतं. मला हुबेहूब जमतं. आई आधी हसते, मग म्हणते, "माझ्या भावाची नक्कल करायची नाही," आणि थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा करायला लावते.

मामाचं ऑफिस तळमजल्यावर, आम्ही त्याच्या डोक्यावर. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. तिथे पूर्वी चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे मागच्या भिंतीला अजून मोठा आरसा आहे. मामा रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि आरशातून रस्ता बघतो, कारण रस्त्यापलीकडे 'समोरचे' आहेत. समोरचे म्हणजे दुसरे प्रकाशक. तीन मजले, काचेचा दरवाजा, आत गेलं की गार हवा. त्यांचं नाव पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, पण मामाच्या तोंडून ते कधी बाहेर पडलेलं नाही. "समोरचे आज लवकर आले." "समोरच्यांकडे टेम्पो लागलाय." 'समोरचे' म्हणताना त्याचा आवाज एकदम तळघरात जातो.

मामाच्या कपाटात बघाल तर वाटेल, हे दुकान चार-पाच माणसांनी भांडत भांडत चालवलंय. सायकल दुरुस्तीला टेकून दातांच्या एका डॉक्टरांच्या कविता, त्यांच्या खाली बाळाला झोपवायचे उपाय, मग दोरीच्या गाठी, खुनाच्या कादंबऱ्या, सूप, आणि नळ गळत असेल तर काय करायचं ते. एका गिऱ्हाइकाने कौतुकाने विचारलं, "एवढे वेगवेगळे विषय कसे काय?" मामा म्हणाला, "तुम्हाला कशाला हवंय?" घरी मात्र त्याने कारण सांगितलं. एकाच विषयाची पुस्तकं काढली, की पुढचं काय येणार ते समोरच्यांना कळतं. त्यांना अंदाजच येता कामा नये.

सगळ्यांवरच त्याचा संशय. दातांचे डॉक्टर पुस्तक निघाल्यावर आभार मानायला आले. बसले, चहा घेतला, आभार मानले, उठले, दारातून परत वळले आणि पुन्हा आभार मानून गेले. संध्याकाळी मामा म्हणाला, "पहिले आभार समजले. दुसरे कशाचे?"

हे सगळं सायकलच्या पुस्तकापासून सुरू झालं. मामाचं सायकल दुरुस्तीचं पुस्तक आलं आणि पाठोपाठ समोरच्यांचंही आलं. आई म्हणाली, "अरे, सायकली काय तुझ्या एकट्याच्याच पंक्चर होतात?" पण मामाच्या मनात जी पाल चुकचुकली ती काही गप्प बसेना. तेव्हापासून त्याने एक युक्ती काढली आणि आम्हा कुणालाही तिचा पत्ता लागू दिला नाही. प्रत्येक पुस्तकात तो स्वतःच्या मनाने एक खोटी गोष्ट घालायचा. गाठींच्या पुस्तकात एक न बसणारी गाठ. सूपच्या पुस्तकात कुणी कधी न केलेलं सूप. बाकीच्या गोष्टी जगात कुणालाही सापडतील, पण ही फक्त मामाच्या डोक्यातून आलेली. ती दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली, की चोर पकडला.

मजकूर मामा स्वतःच टाइप करतो. टाइप झालेली पानं छापायला जाण्याआधी फक्त एकच माणूस वाचतो, ती म्हणजे माझी थोरली मावशी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून लाल पेन घेऊन मामाच्या खोलीत येऊन बसली. वाक्य संपलं की "कळलं?" म्हणते, समोर कुणी नसलं तरी. मामाला ती अजून 'बाळ' म्हणते आणि मामाच्या डोक्यावर आता कंगवा नावापुरताच फिरतो. दोघं समोरासमोर बसायचे. तिने वाचून सही केली, की मामा पानं उघडूनही न बघता छापायला पाठवायचा. जगात त्याने न तपासता पुढे जाऊ दिलेली तेवढी एकच गोष्ट.

या वर्षी मामाने घरात खेळायच्या खेळांचं पुस्तक करायला घेतलं. मावशीने बरेच महिने लावून वाचून दिलं आणि आता छापायला जाणार, तेवढ्यात समोरच्यांच्या काचेत एक पुस्तक लागलं. खेळांचंच. मामाने ते आरशात पाहिलं. अक्षरं उलटी दिसत होती, तरी त्याने वाचली. स्वतः जाणं शक्य नव्हतं, म्हणून आईला पाठवलं.

"आणि विचारलं कुणाला हवंय, तर?"

"सांगेन, माझ्या भावाला हवंय. तो पलीकडून वाकून बघतोय तो."

आई पुस्तक घेऊन आली. मामा उभ्या उभ्या पानं उलटत होता आणि मध्येच खाली बसला. पानावर 'मुका पोस्टमन' होता.

मुका पोस्टमन हा मामाने रचलेला खोटा खेळ. एका मुलाच्या हातात लाकडी चमचा, तो पोस्टमन. तो एकेकासमोर उभा राहतो आणि न बोलता, नुसत्या हावभावांनी, कुणाचं पत्र आलंय ते दाखवतो. ज्याने ओळखलं तो नवा पोस्टमन, आणि जुना त्याच्या जागी. मामाने मुद्दाम असा रचला होता की कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, खेळ संपतच नाही. आणि तो समोरच्यांच्या पुस्तकात, चित्रासकट. मामाचं पुस्तक अजून छापखान्यातही गेलं नव्हतं. म्हणजे हा खेळ दोनच माणसांना माहीत होता, एक मामा आणि दुसरी मावशी.

त्या दिवसापासून मामा मावशीशी फार गोड बोलायला लागला. ते ऐकायला फारच भयंकर वाटायचं. "ताई, चहा घेणार? ताई, छत्री नवीन वाटतं? छान आहे. कुणी दिली?"

"मी घेतली. कळलं?"

"हो हो. सहज विचारलं. समोर कुणी ओळखीचं आहे का गं तुझ्या?"

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर."

"त्यांच्या काउंटरवरची मुलगी माझी विद्यार्थिनी. अपूर्णांकात कच्ची होती."

एवढं पुरलं. मामा वर आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, "विद्यार्थिनी. ऐकलंस? घरातच पाणी मुरतंय."

आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "तू लहान असताना तुझ्या खिशातल्या गोट्या कमी झाल्या, की तिलाच उलटं टांगायला निघायचास. गोट्या तुझ्याच दुसऱ्या खिशात असायच्या."

"हे खिशाचं प्रकरण नाही."

"ती तुझ्यासाठी घरदार टाकून येऊन बसते रे."

"तेच तर. का येते?"

आईने लाटणं खाली ठेवलं. हे ऐकून मलाही नक्कल करावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने खोलीचं कुलूप बदललं. मावशीकडे जुनी किल्ली होती. ती नेहमीसारखी आली, किल्ली लावली, फिरवली, काढून फुंकर मारली, परत लावली. मामा आत बसून हे सगळं आरशात बघत होता. शेवटी तिने काचेवर पेनाने टकटक केलं. मी जिन्यात उभी होते, मला दोघंही दिसत होते.

मामाने दार अर्धं उघडलं आणि बाहेर ते पुस्तक पुढे केलं. "हे काय आहे, ताई?"

मावशीने चष्मा लावला, तिथेच फुटपाथवर उभी राहून पान वाचलं आणि म्हणाली, "नियम बरोबर छापलाय त्यांनी."

"कुठला नियम?"

"जो हसला तो बाद. शेवटपर्यंत जो हसत नाही तो जिंकला. तुझ्यात नव्हता हा. तुझा खेळ संपतच नव्हता, बाळ. आमच्या इमारतीतली मुलं जिन्यावर खेळून खेळून कंटाळली, रडायला लागली. मग मी नियम घातला. आता शाळेत सगळी तेच खेळतात. हे पुस्तक लिहिणारे सर त्याच शाळेत मुलांना खेळ शिकवतात. बघ, लिहिलंय इथे, मुलांकडून ऐकलेले खेळ."

"तू मुलांना खेळायला लावलंस?"

"मग? न खेळता सही करू? गणिताची बाई आहे मी. उत्तर ताडून बघितल्याशिवाय बरोबरची खूण करत नाही. कळलं?"

"पण ताई, तो खेळ खोटा होता."

बोलून गेल्यावर मामाने दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिची छत्री फटीत होती.

"खोटा म्हणजे?"

मग त्याने सगळं सांगितलं, फुटपाथवरच, तळघरातल्या आवाजात. सायकल, समोरचे, पुस्तकागणिक एक खोटं. मावशी ऐकत राहिली. मग वर्गात एकेकाला उभं करावं तशी विचारायला लागली.

"गाजर आणि संत्र्याच्या सालीचं सूप?"

"मी रचलं."

"कडू जहर झालं होतं. साल काढून रस घालायला लिहिलं मी. आता माझ्याकडे पाहुणे मागून पितात. ती तिरकी गाठ?"

"ती पण."

"सुटत होती. एक वेढा वाढवला. खुनाच्या कादंबरीतला माळी, येतो आणि परत दिसत नाही?"

मामाने मान हलवली.

"त्याला मी शेवटी साक्षीला उभा केला. आणि डॉक्टरांच्या कवितेतली ती पावसाळी छत्रीची ओळ? मी त्यांना फोन करून विचारलं, ही तुमचीच का? ते म्हणाले, माझीच, फार आवडती."

मामाला दुसऱ्या आभारांचा उलगडा तिथे झाला असावा, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे इतक्या वर्षांत त्याने पुरलेलं एकही खोटं खोटं राहिलं नव्हतं. सगळी सूपं पिण्यासारखी, सगळ्या गाठी पक्क्या. मी जिन्यात तोंडावर हात दाबून हसू आवरलं. मावशी मात्र हसली नाही.

"कुलूप बदललंस, त्याचं काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, 'कळलं?' नसलेला. "पण मी रात्रंदिवस डोळे फोडून वाचलं ते तू मला मुद्दाम चुकीचं दिलंस. आणि वर मलाच चोर ठरवलंस." तिने लाल पेन त्याच्या खिशाला लावलं आणि छत्री काढून घेऊन गेली.

मावशी येईनाशी झाली. मामा स्वतः वाचायला बसला. खेळांचं पुस्तक छापून आलं तर अनुक्रमणिकेत सगळ्या खेळांपुढे एकाच पानाचा आकडा, आणि मुखपृष्ठावर 'घरातले खळे'. तो आरशाकडे बघेना. समोरच्यांचा टेम्पो आला आणि गेला, तरी तो पानंच चाळत राहिला. एकदा मी त्याच्यासमोर मुद्दाम 'समोरचे' म्हणून दाखवलं, तळघरातून. त्याने नुसतं विचारलं, "मी असा बोलतो?" मला मजा आली नाही.

मग एका संध्याकाळी तो आईला आणि मला घेऊन मावशीच्या घरी गेला. हातात नवी टाइप केलेली पानं, खिशाला अजून तिचंच लाल पेन. घरच्या घरी केस कसे कापावेत, एका निवृत्त न्हाव्याचं पुस्तक. मावशीने दार उघडलं, पानं बघितली, त्याच्याकडे बघितलं.

"यात काय पुरलंयस?"

"काही नाही."

"शपथ?"

"काही नाही, ताई."

"तू म्हणतोस ते मी का मानायचं?"

ही विचारायची रीत त्याचीच होती, तिच्या तोंडून ती त्याला पहिल्यांदाच ऐकू आली असेल. मावशीने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून खिडकीशी ठेवलं, जुनी चादर काढली, खणातून कात्री आणली.

"बस."

"ताई, मला आहेत किती?"

"आहेत तेवढ्यावर पुस्तक तपासता येईल. मी एकेक ओळ वाचणार, तसंच करणार, माझ्या मनाचं काही घालणार नाही. जे लिहिलंय ते."

मामाने आईकडे पाहिलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं. तो स्टुलावर बसला, मावशीने चादर गळ्याभोवती घट्ट बांधली आणि मोठ्याने वाचायला लागली. "कानाच्या वरच्या कडेपासून कात्री आडवी धरावी." कात्री कानाशी गेली. मामाने डोळे मिटले, पण मान हलवली नाही.

"थांबू का?" मावशीने विचारलं.

"नको. वाच पुढे."

तिने वाचलं, कापलं, परत वाचलं. अर्धं डोकं झाल्यावर तिची कात्री एका ओळीवर अडली. तिने ती ओळ दोनदा वाचली, कपाळाला आठी घातली आणि हात पुढे केला.

"बाळ, लाल पेन दे. इथे न्हावीदादाच चुकलेत."