वळणावरचा कठडा

लग्न होऊन मी गिरगावातून लालबागला आले तेव्हा माझे यजमान हायस्कुलात भूगोल शिकवत होते. राजकारणाशी त्यांचा संबंध होता तो सभा ऐकण्यापुरता. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि सभा ऐकणारे हे सभांमधून बोलायला लागले. सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. म्युनिसिपालटीच्या निवडणुका आल्या तेव्हा चळवळीच्या लोकांनी आमच्या वॉर्डात ह्यांनाच उभं केलं. त्या वातावरणात दुसरं कुणी निवडून येणं शक्यच नव्हतं. गुलाल इतका उडाला की आमच्या दोन खोल्यांच्या फटींतून तो पुढं कित्येक दिवस निघत होता.

मला वाटलं होतं, आता घरात बेळगाव-कारवारच्या गोष्टी होतील, मोठमोठी माणसं येतील. पहिल्याच सकाळी जे गृहस्थ दारात उभे राहिले त्यांची तक्रार होती चाळीतल्या संडासाच्या मोडक्या दाराची. ह्यांनी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. ते गेल्यावर मी हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "मुंबई आपली म्हणतो ना आपण? मग दारंही आपलीच."

आमच्या चाळीपासून थोडं पुढं शिवडीकडून येणारा रस्ता ट्रामच्या रस्त्याला मिळायचा. तिथं एका गिरणीची उंच भिंत अगदी कोपऱ्यापर्यंत आलेली, त्यामुळं वळणापलीकडचं काही दिसत नसे. रे रोडच्या वखारींतून लाकडं भरलेल्या लॉऱ्या त्याच वळणानं यायच्या. आणि नेमक्या त्या कोपऱ्यावर, भिंतीच्या सावलीत, शिवडीच्या कोळणी सकाळच्या वेळी मासळी घेऊन बसायच्या. फुटपाथ तिथं होता, पण झिजून रस्त्याला टेकलेला. पाळी सुटली की गिरणीतली माणसं तिथूनच जायची, चाळीतल्या बायका तिथंच उतरायच्या. धंद्याला त्याहून चांगली जागा नव्हती.

माझी ठरलेली कोळीण म्हणजे एक पन्नाशीची धिप्पाड बाई. तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. मी गिरगावची, मासळी खाणाऱ्या घरातली, तरी बोंबील ताजा कसा ओळखायचा ते तिनंच मला नव्यानं शिकवलं, तेही माझ्या आईच्या नावानं बोटं मोडत.

ती सकाळ मला अजून स्वच्छ आठवते. मी मांदेली घेतली होती आणि पिशवी सारखी करत दोन पावलं मागं सरले होते. एवढ्यात भिंतीआडून लॉरी आली. वळण तिनं फार आतून घेतलं. मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि खाली उतरलं. बाकीच्या बायका ओरडत उठल्या. मावशीला उठता आलं नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता आणि ती आवाज न करता त्याच्याकडं बघत होती.

क्षणात माणसं जमली. ते दिवसच तसे होते. गोळीबाराच्या आठवणी ताज्या, लोकांच्या रागाला ठिणगी पुरायची. ड्रायव्हरला खाली ओढलं. तिशीचा, घाटावरचा माणूस. त्याचा सदरा फाटला. "पेटवा गाडी!" असं कुणीतरी ओरडलं. तो हात जोडून एकच सांगत होता, "म्या बगितलंच न्हाई वो, भित्तीआड काय दिसलंच न्हाई."

मला लोक मेंबरांची बायको म्हणून ओळखत होते. एरवी मी चारचौघांत आवाज न चढवणारी. पण मावशीच्या पायाखाली रक्त साचत होतं आणि कुणाचंच तिच्याकडं लक्ष नव्हतं. मी ड्रायव्हरच्या आणि माणसांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "गाडी पेटवलीत तर हिला न्यायचं कशातून? खांद्यावरून?"

कुणीतरी इराण्याकडून फोन करायला धावलं होतं, पण हॉस्पिटलची गाडी कधी येणार ते देवाला ठाऊक. एवढ्यात नाक्यावरचा हवालदार आला. तो म्हणाला, "बाई, पंचनाम्याआधी गाडी हलवता येत नाही."

"चाकाच्या खुणा खडूनं आखून ठेवा," मी म्हटलं, "आणि पंचनामा रस्त्याचा करा. हिचा करायची वेळ आणू नका."

त्यानं एकदा मावशीकडं बघितलं आणि खडू मागवला.

लॉरीतल्या फळ्यांवर गोणपाटं टाकून तिला झोपवलं. एक कोळीण आणि मी अशा दोघी वर चढलो, हवालदार पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. जन्मात पहिल्यांदा मी लॉरीत बसले होते. परळच्या हॉस्पिटलापर्यंत तो माणूस गाडी इतकी जपून चालवत होता की ट्रामसुद्धा आमच्या पुढं गेली. वाटेत मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "बाय, माझी पापलेटं कुनी उचलली गो?" तेव्हा मला रडू आलं.

पाय वाचला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, त्यामुळं बरेच महिने जाणार होते. ड्रायव्हरवर खटला झाला, त्याला शिक्षा म्हणून दंड बसला. पण जामिनावर सुटल्यापासूनच तो भेटीच्या वेळी हॉस्पिटलात यायला लागला. मोसंबी आणायचा आणि खाटेच्या पायथ्याशी गुपचूप उभा राहायचा. मावशी पहिले काही दिवस त्याला शिव्या घालायची. पुढं शिव्या घालताघालता मोसंबं सोलून त्यालाच अर्धं द्यायला लागली.

ह्यांनी वॉर्डाच्या कचेरीत वळणाचं काम लावून धरलं. कोपऱ्यावर लोखंडी कठडा हवा, फुटपाथ उंच करून हवा, अशी मागणी होती. म्युनिसिपालटीचा इंजिनीअर जागा बघायला आला. उन्हात उभा राहून त्यानं बराच वेळ लॉऱ्या बघितल्या आणि मग ह्यांना शांतपणे म्हणाला, "साहेब, कठडा घालता येईल. पण त्या कठड्याआड बायका बसणार असतील तर मी काम करणार नाही. लाकूड लॉरीच्या मागं हातभर बाहेर आलेलं असतं. कठडा चाक अडवील, लाकूड नाही. ह्या बायकांना इथून उठवावं लागेल."

तो खरं बोलत होता, ते ह्यांनाही पटलं.

उठवणार ही बातमी आमच्याआधी हॉस्पिटलात पोचली. मी गेले तर मावशीनं तोंड भिंतीकडं केलेलं.

"मावशी, अगो बोल तरी."

"काय बोलू? पाय माझा मोडला नि जागा पन माझीच जानार. मना उठवाला तुझ्या घोवाला मत दिलं काय गो आम्ही?"

मी घरी येऊन जसंच्या तसं ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "मंडईत आत जागा देता येईल."

"मंडईत आत कोण जाणार, अहो? पाळी सुटलेला माणूस घरच्या वाटेवर मासळी घेतो. वाट सोडून नाही."

"मग तू सांग, कुठं बसवायच्या?"

 उत्तर मला दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना सुचलं. आमच्या चाळीसमोर रस्ता सरळ होता, फुटपाथ रुंद होता, पाण्याचा नळही जवळ होता. लॉरी लांबून दिसायची. गिरणीची माणसं तर सगळी तिथूनच जायची. मी तसं म्हटल्यावर ह्यांनी गॅलरीत येऊन खाली बघितलं आणि म्हणाले, "जागा बरोबर आहे. पण तळमजल्यावर कोण राहतं ते विसरलीस."

तळमजल्यावर, अगदी त्या फुटपाथला लागून, गोदीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क राहायचे. एकटे, कडक, सोवळ्याओवळ्याचे. पण चळवळीत पक्के. म्हातारपणी ते ह्यांच्याबरोबर तुरुंगात गेले होते, आणि ह्यांना ते वडिलांसारखे. हे त्यांच्याकडं गेले आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. म्हातारा म्हणाला होता, "मुंबईसाठी मी लाठ्या खाल्ल्या. पुन्हा खाईन. पण माझ्या दारात मासळीचा बाजार? माझं मत तुम्हाला होतं, ते परत घेता येत नाही म्हणून गप्प बसतो."

चाळीतल्या आणखी काही जणांनी त्यांचीच री ओढली. त्यांत रोज मासळी खाणारेही होते.

दोन दिवसांनी मी स्वतः खाली गेले. म्हाताऱ्यांनी मला बसा म्हटलं नाही. म्हणाले, "सूनबाई, एकच विचारतो. तुमच्या गिरगावात, तुमच्या माहेरच्या दारात हे चाललं असतं का?"

मी खरं ते सांगितलं. "नसतं चाललं. आमचे बाबा काठी घेऊनच उठले असते."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं.  मी म्हटलं, "पण बाबांनी मावशीचा पाय बघितला नसता. मी बघितला. काका, तिथं परत बसली तर पुढच्या वेळी पायावर भागणार नाही. आणि दुसरी जागा मला सापडत नाही. तुम्हाला सापडली तर सांगा, मी ह्यांना तिथं घेऊन जाते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला बसा म्हणाले. आणि अटी सांगायला सुरुवात केली. दारासमोरची जागा मोकळी राहील. बायका नळाच्या बाजूला बसतील. उन्हं वर यायच्या आत सगळं आवरायचं, पाण्यानं धुवायचं, खवल्याचा एक कणसुद्धा त्यांच्या गटारात दिसता कामा नये.

मी त्या अटी हॉस्पिटलात जाऊन मावशीला ऐकवल्या. ती पोट धरून हसली. म्हणाली, "त्या बामनाला सांग, माझी पन एक अट हाय. धंद्याच्या टायमाला नाकाला धोतर लावून बसाचा नाय. गिऱ्हाईक पलतं."

हा निरोप मी म्हाताऱ्यांना पोचवला नाही.

जागेचं असं जमलं. कठड्याचं मात्र जमेना. मंजुरी सभागृहातून यायची होती आणि सभागृह तहकूब व्हायचं. कधी निषेध म्हणून, कधी हुतात्म्यांच्या दुखवट्यासाठी, कधी सीमाभागातल्या बातमीवरून. प्रत्येक तहकुबीला ह्यांचा स्वतःचा हात वर असायचा आणि तो मनापासून असायचा. घरी येऊन कोट खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "आजही राहिलं." त्या म्हणण्यात चिडचीड नसायची, पण ते रात्री कूस बदलत राहायचे ते मला कळायचं. तिकडं कोळणी अजून कोपऱ्यावरच बसत होत्या, कारण कठड्याचं काम सुरू झाल्याशिवाय वॉर्डाची कचेरी नवी जागा द्यायला तयार नव्हती.

एका सभेला जाताना ते म्हणाले, "आज मी तहकुबीच्या आधी पाच मिनिटं मागणार आहे. आपलेच लोक रागावतील."

"रागावू देत," मी म्हटलं.

त्या सभेत काय झालं ते मला ह्यांनी कधी पूर्ण सांगितलं नाही. त्यांच्या एका सोबत्याकडून कळलं. हे उभे राहिले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं होतं, "मास्तर, इथं राज्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही फुटपाथ काय घेऊन बसलात?" तेव्हा हे म्हणाले, "आमच्या भागातल्या रस्त्यावर गोळीनं माणसं गेली. त्यांच्यासाठी आपण रोज उभे राहतो, राहायलाच हवं. त्याच रस्त्यावर लॉरीखाली एखादी बाई गेली तर तिच्यासाठी कोण उभं राहणार? ती माणसं ज्या लोकांसाठी मेली, त्यातलीच ती आहे." मग वळण कसं आहे ते त्यांनी वर्गात नकाशा समजावतात तसं समजावलं आणि खाली बसले. विषय मंजूर झाला. त्यानंतर सभा तहकूब झाली, आणि तिलाही ह्यांनी हात वर केला.

कठडा बसला तेव्हा मावशी कुबडीवर चालायला लागली होती. फुटपाथ उंच झाला, कोपऱ्यावर लोखंडाचे जाड दांडे उभे राहिले. आता लॉऱ्यांना वळण बाहेरून, सावकाश घ्यावं लागे. ज्या दिवशी कोळणी आमच्या चाळीसमोर बसल्या त्या दिवशी तळमजल्याचं दार बंदच होतं. ते पुढंही सकाळचं बंदच असायचं. म्हाताऱ्यांना वास सहन होत नव्हता तो नव्हताच. पण आवराआवर झाली की ते बाहेर येऊन गटार तपासायचे, आणि कधी खवलं सापडलं तर मावशीचं नाव न घेता नळाकडं बघून मोठ्यानं बोलायचे. मावशीही नळाकडंच बघून उत्तर द्यायची. त्यांचं सरळ बोलणं मी कधी ऐकलं नाही.

महाराष्ट्र झाला. त्या सकाळी चाळीत तोरणं लागली, गिरणगावभर ढोल वाजत होते. हे आनंदात होते, पण मिरवणुकीत गेले नाहीत. पुढच्या निवडणुकीला त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते त्याच सकाळी मला सांगितलं.

मी विचारलं, "का हो? लोक देतील की मतं."

"देतील," ते म्हणाले. "पण मला वर्गाची आठवण येते. आणि खरं सांगू? मोठ्या सभेत बोलताना मला कधी भीती वाटली नाही. त्या पाच मिनिटांत मात्र वाटली. असं रोज नाही जमायचं मला."

मी त्यांच्या हातात चहा दिला. खालून ओरडा आला. आज मिरवणुकीमुळं रस्ता बंद होणार, ज्यांना मासळी घ्यायची असेल त्यांनी आत्ताच खाली यावं, असं मावशी साऱ्या चाळीला सांगत होती. हे म्हणाले, "जा, सुरमई असेल तर बघ." मी पिशवी घेऊन जिना उतरले.